गाडी बंद असताना निवडावी

शोरूममध्ये पाऊल टाकलंस की तिथला पोरगा आधी किल्ली पुढे करेल. घेऊ नकोस. एकदा चालू झाली की कुठलीही क्रूझर छानच वाटते. खाली इंजिन धडधडायला लागतं, हात रुंद हँडलवर पसरतात, पाय पुढे जातात आणि सत्तेचाळिशीचा माणूस मनानं बाविशीत जाऊन बसतो. त्या अवस्थेत चेकवर सही करू नये. त्याला म्हण, टेस्ट राइड मागाहून घेतो. आधी गाडी बंदच राहू दे आणि या रांगेतून ती मी बाहेर काढतो.

भाच्या, तू विचारलंस, ‘मामा, कुठली घेऊ?’ आणि त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला, ‘त्याला घेऊच देऊ नकोस.’ मी दोघांनाही ‘बरं’ म्हटलंय. आता सांगतो ते नीट ऐक, म्हणजे माझं ते ‘बरं’ दोन्हीकडे खपून जाईल.

क्रूझर इंजिन बंद ठेवून निवडायची, हे माझं म्हणणं. आपल्या उपनगरांत जड गाडी चालताना त्रास देत नाही, थांबल्यावर देते. थोडा वेग घेतला की दोनशे किलोची गाडीही स्वतःला सावरून धरते. पण तुझा रोजचा बोरिवली-अंधेरी रस्ता डोळ्यांसमोर आण. नाव द्रुतगती महामार्ग, आणि संध्याकाळी जोगेश्वरीला जेव्हीएलआरच्या तोंडाशी गाडी चालते किती आणि पाय टेकून सरकते किती? मग आरे, दिंडोशी, कुरार, मागाठाणे. घरी पोचलास की सोसायटीचं पार्किंग, जिथं तुझ्या जागेत दोन स्कूटर आणि कुणाची तरी सायकल आधीच घुसलेली असते. तिथं इंजिनाची ताकद कामाला येत नाही, तुझ्या मांड्यांची येते.

आता आकडे. तू कॉलेजात मारायचास ती आरएक्स १०० शंभर किलोच्या आसपासची. सूनबाईची ॲक्टिव्हा त्याहून थोडीशीच जड. बजाजची ॲव्हेंजर २२० क्रूझ १६३ किलो. रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० भरते १९१ आणि सुपर मिटिऑर ६५० भरते २४१. तुझा डोळा त्या ६५०वर आहे हे मला ठाऊक आहे. बसून बघशील तर दोन्ही तळवे आरामात जमिनीला टेकतील, कारण तिची सीट ७४० मिलिमीटरवर आहे, मिटिऑरची ७६५. म्हणजे मोठी गाडी लहानीपेक्षा बुटकी आणि ५० किलोनं जड. क्रूझरची सीट बुटकी असते म्हणून गाडी हलकी वाटते, आणि परत गाडी चालवायला लागलेली माणसं नेमकी इथं गंडतात. तळवे टेकतात याचा अर्थ गाडी सरळ असेपर्यंत तू तिला धरू शकतोस, एवढाच. ती एका बाजूला कलली की काय होतं ते बसून कळत नाही, ढकलून कळतं.

तेव्हा ढकल. गाडीच्या डाव्या बाजूला उभा राहा, दोन्ही हात हँडलवर, कंबर टाकीला किंवा सीटला टेकलेली. गाडी रांगेतून मागे घे, हँडल पूर्ण वळवून उलटी फिरव, परत जागेवर लाव. मग साइड स्टँड काढून तिला तुझ्याकडे हळूहळू कलू दे आणि बघ, कुठल्या कोनानंतर हातांना आवरत नाही. पोरग्याला पलीकडे उभं कर, पडली तर त्याची नोकरी जायला नको. डबल स्टँड असेल तर तो लावून बघ. काही क्रूझरना तो येतच नाही, हेही विचार. त्यानंतर घरी ये आणि तुझ्या बिल्डिंगचा उतार कुठल्या बाजूला आहे ते बघ. आमच्या मुलुंडला योगी हिलकडं किंवा घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पण सपाट म्हणवणाऱ्या सोसायटीतही स्टिल्टखाली पाणी निघून जायला भिंतीकडे थोडा ढाळ दिलेला असतो. गाडी नाक आत करून लावलीस तर सकाळी ऑफिसचे कपडे घालून १९१ किलो चढावर मागे ओढायचे. म्हणून जड गाडी नेहमी पाठीनं आत घालायची, नाक बाहेर. आणि ढाळावर उभी करताना पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायची. पेव्हर ब्लॉक सैल असले तर साइड स्टँडखाली फरशीचा चपटा तुकडा. वॉचमनला दाखवून ठेव, नाहीतर तो कचरा म्हणून उचलतो.

हे सगळं करून ६५०च आवडली तर घे बापडा. पण आणखी एक हिशोब मांड. ज्या रस्त्यांसाठी असली गाडी बनते, ते रुंद, सरळ, बिनसिग्नलचे रस्ते आपल्याला बंद आहेत. पुण्याच्या एक्स्प्रेस वेवर दुचाकी नाही, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर नाही, तिकडं समृद्धीवरही नाही. आपल्याला राहिला जुना पुणे रस्ता, नाशिकला कसारा, कल्याण-मुरबाडवरून माळशेज आणि वरती अहमदाबाद महामार्ग. यांतल्या कुठल्याही रस्त्यावर साडेतीनशेची गाडी कमी पडत नाही. घाटात तर ट्रकमागंच जायचं असतं.

आता बसणं. क्रूझरची पाय पुढे टाकून बसायची ढब अमेरिकेच्या मैलोन्‌मैल सरळ रस्त्यांवर रुजली. आपल्याकडं त्यात मोठी गोम आहे, आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही: पाय पुढे असले की बूड उचलता येत नाही. साध्या मोटरसायकलला फुटरेस्ट तुझ्या खाली असतात. समोर खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर भार घेतो, बूड इंचभर उचलतं आणि धक्का गुडघे खातात. क्रूझरवर तोच धक्का सरळ माकडहाडात जातो आणि तिथून मणक्यात. घोडबंदरला गायमुखचा पट्टा पावसाळ्यानंतर काय होतो ते तुला माहीत आहे. एलबीएस मार्गावर भांडुप ते घाटकोपर कुठं ना कुठं खोदलेलं असतंच. आरेच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर मोजायचं मी सोडून दिलंय. बाविशीत हे सगळं पाठीला कळतही नाही. तुझी पाठ आता दिवसभर खुर्चीत बसलेली पाठ आहे.

याचीही परीक्षा बंद गाडीवर होते. पोरग्याला गाडी घट्ट धरायला सांग, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेव आणि हँडलला न लोंबकळता बूड सीटवरून उचलून बघ. उचललं गेलं तर ती क्रूझर आपल्या रस्त्यांना चालेल. मिटिऑरचे फुटरेस्ट फार पुढे नाहीत, माझ्या उंचीला जमतं. तुझे पाय लांब आहेत, तुझं तू बघ. उचललंच जात नसेल तर हट्ट सोड आणि पाय खाली असलेली, पण बसायला ऐसपैस अशी गाडी बघ. क्लासिक ३५०, होंडाची सीबी ३५०, टीव्हीएसची रोनिन. क्लासिक १९५ किलोची, म्हणजे हलकी नाही, आणि सीट ८०५ मिलिमीटरवर. रोनिन १६० किलोच्या आसपास. २२५ सीसीची, २०२२ साली आली. मित्र म्हणतील, ही काय क्रूझर आहे? म्हणू देत. मित्रांची पाठ मित्रांजवळ.

खोगीरपिशव्या आणि लेग गार्ड लावायची घाई नको. लेग गार्ड हवाच, गाडी आडवी झाली तर पाय वाचतो, पण रुंदी मोजून घे. रिक्षा आणि बेस्टच्या बसमधल्या फटीतून आधी हँडल जातं, मग आपल्याला वाटतं गाडी गेली, आणि लेग गार्ड रिक्षाच्या मडगार्डला भेटतो.

गाडी चालवणं माणूस विसरत नाही म्हणतात. खरं आहे, पण हातपाय जे लक्षात ठेवतात ते जुन्या गाडीचं. तुझ्या बाबांच्या बुलेटवर तू शिकलास. तिचा गिअर उजव्या पायात होता, एक वर तीन खाली, आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. आता सगळ्यांचा गिअर डावीकडं, ब्रेक उजवीकडं. शांत चित्तानं चालवताना तुला यात काही अडचण येणार नाही. अचानक समोर कुत्रं आलं की डोकं बाजूला पडतं आणि पाय पंचवीस वर्षांपूर्वीचं काम करतात. माझ्या पिढीत येझदीवाल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. किक मारून झाली की तीच दांडी खाली पाडून गिअरची व्हायची. हीरो होंडावर शिकलेल्यांचे सगळे गिअर पुढे दाबून पडायचे, आजच्या बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणून रस्त्यावर उतरायच्या आधी पार्किंगमध्ये, गाडी डबल स्टँडला लावून, बंद ठेवून, नुसते हातपाय चालव: क्लच, पहिला, ब्रेक. क्लच, ब्रेक. बिल्डिंगमधली पोरं हसतील. हसू देत.

जुन्यातलं बरंच काही आता नाही. चोक नाही, पेट्रोलचा कॉक नाही, म्हणजे टाकी रिझर्व्हला लावायची सोयही नाही. किक बहुतेकांना नाही, म्हणजे बॅटरी झोपली तर ढकलणं आलं, आणि पंपावर चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या मेलेल्या बॅटरीवर ढकलूनही सहसा ऐकत नाहीत. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकलास तर इंजिन बंद पडतं. ही बिघाडाची खूण नाही, मेकॅनिकला फोन करू नकोस. हेडलाइट दिवसाही चालूच राहतो, त्याचं बटणच काढलंय. लोक हात हलवून ‘लाइट, लाइट’ करत नाहीत आता, सगळ्यांना माहीत झालंय.

ब्रेकचं मात्र नव्यानं शिकायला हवं. आपल्याला सगळ्यांना एकच धडा दिला होता: पुढचा मारू नको, उलटा होशील. ड्रमच्या ब्रेकला आणि हलक्या गाडीला ते शहाणपण चालून गेलं. खरं म्हणजे ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. क्रूझर लांब असते, तिचा मागचा ब्रेक साध्या गाडीपेक्षा जास्त कामाचा असतो, तरी दोन्ही एकत्र मारायची सवय लाव. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, पण ते एका चाकाला की दोन्हींना हे विचारून घे. ॲव्हेंजरला पुढच्याच चाकाला आहे, मिटिऑरला दोन्ही. रविवारी सकाळी लवकर मरोळ एमआयडीसीत जा, रस्ता रिकामा बघ, चाळीसच्या वेगात दोन्ही ब्रेक कचकन दाब आणि ते लिव्हरमधलं थरथरणं हाताला कळू दे. पहिल्यांदा ते थरथरलं की माणूस घाबरून ब्रेक सोडतो. सोडायचा नसतो. हे मरोळला कळलेलं बरं, पवईच्या उतारावर नको.

आणि सावकाश वळताना याच्या बरोबर उलटं. यू-टर्न घेताना, हँडल वळलेलं असताना, पुढचा ब्रेक चुकूनही नको. जड गाडी जागच्या जागी कोसळते. अर्धा क्लच धरायचा, मागचा ब्रेक नखभर दाबून ठेवायचा, थोडा रेस द्यायचा आणि नजर जिथं जायचंय तिथं. खाली चाकाकडं बघितलंस की गाडी तिकडंच जाते. क्रूझरला वळायला जागा जास्त लागते, म्हणून फ्लायओव्हरखालच्या चिंचोळ्या यू-टर्नला दोन खेपांत वळायची लाज बाळगू नकोस. मागचा हॉर्न वाजवेलच. तो कुणालाही वाजवतो.

पडली तर उचलायची पद्धत आहे. पोटाशी धरून ओढायला गेलास की कंबर गेली. आधी किल्ली बंद. गाडी उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेव आणि गिअर टाक, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडं जाणार नाही. मग गाडीकडं पाठ कर, खाली बस, बूड सीटला टेकव. एका हातात खालच्या बाजूची हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागचा दांडा. पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जा. माझ्या वयाला ॲव्हेंजर अशी उभी राहते, तर तुझ्या वयाला मिटिऑर राहायला हवी. न राहिली तर ती तुझी गाडी नाही. शोरूमवाले हे करू देणार नाहीत. ज्याच्याकडं आहे अशा मित्राला गाठ, खाली जुनी गादी टाक.

टेस्ट राइड घ्यायची ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर नव्हे. संध्याकाळी सहानंतर घे. घाटकोपर स्टेशनकडून एलबीएसवर किंवा अंधेरीला एस. व्ही. रोडवर, जिथं पहिला-न्यूट्रल-पहिला एवढंच चालतं. अर्ध्या तासात दोन गोष्टी कळतात. क्लच जड असेल तर डाव्या हाताचा अंगठ्याखालचा मांसल भाग दुखायला लागतो. आणि हवेनं थंड होणारं इंजिन ऑक्टोबरच्या उन्हात सिग्नलला उभं राहिलं की पोटऱ्या भाजते. हाफ पँट घालून मार्केटला जाण्याची गाडी ही नव्हे.

टायरकडं बघताना नक्षी बघशीलच, बाजूचा आकडाही वाच. चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. जुन्या गाडीला नक्षी भरपूर आणि रबर सहा वर्षांचं, असं फार आढळतं; अशी गाडी उभी राहून राहून म्हातारी झालेली असते. स्पोकची चाकं दिसायला राजेशाही, पण त्यांत बहुधा ट्यूब असते. मॅग व्हीलला ट्यूबलेस. रात्री अकराला दहिसर चेकनाक्याजवळ खिळा लागला तर ट्यूबलेस हवा धरून तुला घरापर्यंत आणू शकते किंवा वाटेत दहा मिनिटांत वात मारून मिळते. ट्यूबवाली तिथंच बसते, आणि मग चाक खोलणारा पंक्चरवाला शोधत १६३ किलो ढकलायचे. मी मॅग व्हीलच घेईन. सूनबाई म्हणते तिला स्पोक आवडतात. तिला सांग, ढकलायला येणार असशील तर घेऊ.

तिचा विषय निघालाच आहे तर तिला शोरूमला ने. मागं बसणाऱ्याची सीट क्रूझरला अनेकदा तळहाताएवढी असते. पाठीला टेका हवा, धरायला दांडा हवा, साडी गार्ड आणि फुटरेस्ट हे तर नियमातच आहेत. तिला बसव आणि तिचे गुडघे कुठं येतात ते बघ. मागचे शॉकअप डबल सीटसाठी कडक करता येतात, शोरूममध्ये करून घे. फुकट असतं आणि कुणी मागत नाही. आणि हेल्मेट तिलाही. मुंबईत जून २०२२पासून मागं बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. माळ्यावरचं तुझं जुनं हेल्मेट मला दाखवलंस ना, ते टाकून दे. आतलं फोम भुगा झालंय, डोक्याला घट्ट बसत नाही. आयएसआयचं नवं घे, आणि चष्मा लावून घालून बघ. तुझा चष्मा दोन नंबरांचा आहे. काही क्रूझरना पेट्रोलचा काटा टाकीवर असतो, तो बघायला मान पार खाली घालावी लागते. तेवढ्यात पुढचा थांबलेला असतो. रात्री समोरच्या एलईडीचे झोत डोळ्यांत फुटत असतील तर गाडीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. म्हणजे सरकारनंही माझ्यासारखंच मत दिलंय. मिटिऑर, क्लासिक दोन्ही ३४९ सीसीच्या, त्या अलीकडं. सुपर मिटिऑर, हार्लेची एक्स ४४० पलीकडं.

पण तू पहिली गाडी जुनी घ्यावीस असं मला वाटतं. दोन कारणं. परत चालवायला लागलेल्या माणसाच्या हातून पहिल्या वर्षात गाडी एकदा तरी उभ्या-उभ्या आडवी होते, आणि पहिला ओरखडा आधीच पडलेला असला की जिवाला कमी लागतं. दुसरं म्हणजे, सहा महिन्यांत तुझी हौस टिकते की नाही ते कळेल. बाजारात ॲव्हेंजर भरपूर. २००५पासून निघतेय, सुटे भाग बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही नाक्यावर मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलतो. थंडरबर्डपण मिळेल, पण तिचं वजन आणि वय दोन्ही बघ.

जुनी बघताना सकाळी, मालकानं गाडी चालू करायच्या आधी जा. इंजिनाला हात लावून बघ. कोमट असेल तर त्यानं तुझ्या येण्याआधी तापवून ठेवलीय, थंड चालू करताना काहीतरी आवाज येत असणार. सीट काढायला लाव. सीटखाली, बॅटरीच्या कप्प्यात, एअर फिल्टरच्या डब्यात सुकलेला गाळ किंवा गंजाच्या रेषा दिसल्या तर गाडी पाण्यात उभी होती. मुंबईत हे नवल नाही, अंधेरी सबवे आणि मिलन सबवे दरवर्षी बातमीत असतात. चेन सॉकेटचे दात वाकडे झालेत का, हँडल सोडलं तर गाडी एका बाजूला ओढते का, चासी नंबर आरसी बुकाशी जुळतो का. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि आरसीवरून हायपोथिकेशन उतरवलेलं. टीटी फॉर्म म्हणजे २९ आणि ३०, यांवर सह्या घेऊन ट्रान्सफर लगेच टाकायचं. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याची गाडी नको. तुझ्याकडं एमएच ४७, अंधेरीला ०२, आमच्या मुलुंड-घाटकोपरला ०३. पासिंग कुठलंही असो. २०१९च्या एप्रिलआधीची असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागलीय का ते बघ. कार्बोरेटरची असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून घे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. आणि फटाक्यासारखा सायलेन्सर लावलेली असेल तर मूळचा सायलेन्सर मागून घे, नाहीतर भावात कापून घे. पोलीस ते काढून रोडरोलरखाली घालतात.

लायसन्स काढून बघ बरं, या रविवारीच. तू गाडी चालवतोस म्हणून ते रिन्यू झालंय असं धरून चालू नकोस, आणि त्यात ‘गिअरसह मोटरसायकल’ आहे का ते वाच. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नुसतं रिन्यू होत नाही, परत टेस्ट द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेटही लागतं. आरटीओच्या मैदानात अठरा वर्षांच्या पोरांबरोबर रांगेत उभा राहशील, त्यात एक बरं असतं, तिथं कुणी शायनिंग मारत नाही.

पहिले दोन महिने महामार्गावर जाऊ नकोस. सकाळी सहाला तुमच्या आयसी कॉलनीतून निघ, गोराई जेट्टीला जा. फेरीबोटीत गाड्या जातात. ओल्या धक्क्यावरून उतारावर गाडी खाली न्यायची, बोटीत चढवायची, पलीकडं लोकांच्या गर्दीत उतरवायची, यात जड गाडी हाताळायचं सगळं शिक्षण होऊन जातं, आणि पलीकडं उत्तनपर्यंत रस्ता मोकळा. मढला जायचं तर वर्सोव्याची फेरी आहे. फेब्रुवारी २०२४पासून भाईंदर-वसई रो-रोसुद्धा आहे, ती पुढची पायरी. पावसात पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि मेट्रोच्या कामावरच्या पोलादी प्लेटा यांवर ब्रेक नको, वळण नको, सरळ निघून जायचं. पाणी सायलेन्सरच्या तोंडाच्या वर गेलेलं दिसलं तर गाडी आत घालायचीच नाही, आणि बंद पडलीच तर परत स्टार्टर मारायचा नाही.

तुला काही गाड्या पसंत पडल्या की पत्ते मला व्हॉट्सॲप कर. जुनी बघायला मी बरोबर येतो, मालकाशी भाव मी करतो. तू पसंत पडल्याचं तोंडावर दाखवू नकोस, तुझी ती खोड लहानपणापासूनची आहे. बुधवार सोडून कधीही. बुधवारी माझी फिजिओवाली येते. आणि ताईला इतक्यात काही बोलू नकोस, आरसी तुझ्या नावावर झाली की मीच फोन करतो.